पट्टा कोपऱ्यावर आला की काय होतं?

उंबरठेकर

ग्रीक देवळांबद्दल आपल्याकडे बोलणं होतं ते बहुतेक खांबांवरून. डोरिक, आयोनिक, कोरिंथियन ही तीन नावं शाळेतच पाठ झालेली असतात. खांबांच्या डोक्यावरून जो नक्षीचा आडवा पट्टा जातो, म्हणजे फ्रीझ, त्याची फारशी दखल कुणी घेत नाही. मला त्यातल्याही एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीबद्दल लिहायचंय. हा पट्टा इमारतीच्या कोपऱ्यावर पोचला की पुढे काय होतं?

आधी रचना सांगतो. खांबांवर दगडी तुळया असतात, तो आर्किट्रेव्ह. त्यावर फ्रीझ, आणि त्यावर पुढे आलेली कॉर्निस, म्हणजे वळचणच. डोरिक फ्रीझमध्ये दोन घटक आलटून पालटून येतात. एक उभ्या दांड्यांचा ट्रायग्लिफ आणि दुसरी दोन ट्रायग्लिफांमधली चौकट, मेटोप. मेटोपमध्ये शिल्प असतं किंवा ती कोरी असते. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस याचं मूळ लाकडी बांधकामात शोधतो. भिंतीबाहेर आलेली तुळयांची टोकं सुतारांनी कापली, कापलेला भाग ओंगळ दिसतो म्हणून त्यावर फळ्या ठोकल्या आणि त्या निळ्या मेणाने रंगवल्या. पुढे दगडात तेच राहिलं. हे खरंच असं घडलं का यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण निळं मेण मला फार आवडलं.

आता नियम. प्रत्येक खांबाच्या मध्यावर एक ट्रायग्लिफ हवा, दोन खांबांच्या मधोमध आणखी एक हवा, आणि कोपऱ्यावर पट्टा ट्रायग्लिफनेच संपायला हवा. तिन्ही नियम एकेकटे बघितले तर अगदी रास्त आहेत. दगडात मात्र ते एकत्र नांदत नाहीत. समजा तुळई एक मीटर जाड आहे आणि ट्रायग्लिफ पाऊण मीटर रुंद. कोपऱ्यातल्या खांबाच्या मध्यावर ट्रायग्लिफ बसवला तर बाहेरच्या बाजूला साडेबारा सेंटीमीटरची चिंधी उरते. तो टोकाला सरकवला तर खांबाचा मध्य सुटतो आणि शेवटची मेटोप लांबट होते. तुळई ट्रायग्लिफइतकीच जाड असती तर प्रश्नच नव्हता, पण वरचं दगडी ओझं पेलायला ती जाड लागते.

या एका चिंधीने ग्रीक वास्तुकारांना दोन-अडीचशे वर्षं छळलं. कुणी शेवटची मेटोप ताणली, कुणी कोपऱ्यातला खांब आत सरकवला, कुणी दोन्ही थोडं थोडं केलं. अथेन्सच्या पार्थेनॉन देवळात (बांधकाम इ.स.पू. ४४७ ते ४३२) खांबांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत साधारण ४.३ मीटर आहे, कोपऱ्यावर तेच ३.७ मीटरच्या आसपास. ट्रायग्लिफचा हिशेब जुळायला एवढं सरकवायची गरजही नव्हती. शिवाय कोपऱ्यातला खांब इतरांहून किंचित जाड केलाय, कारण त्याच्यामागे भिंत नसून आकाश असतं आणि उजेडात खांब बारीक दिसतो. म्हणजे वरच्या पट्ट्यातली अडचण खाली उतरत उतरत जोत्यापर्यंत आली आणि खांबांची जागा तिने ठरवली.

काहींनी तर हातच टेकले. हर्मोजेनिस नावाच्या वास्तुकाराने टिऑस इथल्या डायोनिससच्या देवळासाठी डोरिक पद्धतीचा संगमरवर तयार करून घेतला होता. मग विचार बदलून त्याच दगडातून त्याने आयोनिक देऊळ बांधलं, असं व्हिट्रुव्हियस लिहितो. आयोनिक फ्रीझमध्ये ट्रायग्लिफ नाही, सलग पट्टा. (त्यात खांबाच्या माथ्यावरच्या वेटोळ्यांची कोपऱ्यावर वेगळी भानगड होते, ती आज सोडून देऊ.)

आता माझे दोन प्रश्न. एक, गालिच्याच्या चारी बाजूंनी जी नक्षीची किनार जाते ती कोपऱ्यावर कशी वळवतात? दुसरा अगदी संसारी आहे. न्यू जर्सीला बहिणीच्या घरी जिन्यावर आणि वरच्या मजल्यावर कार्पेट टाकायचंय. दुकानदार फ्रिझे नावाचा प्रकार गळ्यात मारतोय. या पट्ट्यांशी त्याचा काही संबंध नाही, पण नाव वाचून मी आपसूक थांबलो. पावलं उमटत नाहीत म्हणे. का उमटत नाहीत?

तिसरी घंटा

वाचतेय. ते सरकवलेले खांब दिसतील असा फोटो टाका ना. मी तिथे जाऊन आलेय आणि मला काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं.

उंबरठेकर

जाणवू नये म्हणूनच तर केलंय, ताई. फोटो शोधतो.

चहाबाज

देऊळ आणि पायपुसणं एकाच धाग्यात! उंबरठेकर, तुमच्या नावाला शोभतं खरं. पण संबंध ओढूनताणून आणलाय असं माझं नम्र मत. कोपरा काय, टेबलालाही असतो.

सूतगिरणीवाला

चहाबाज, दम धरा. मी इचलकरंजीत शिकलो आणि पुढची बरीच वर्षं कार्पेटच्या सुतात काढली. देवळातलं मला कळत नाही, दुसऱ्या प्रश्नावर बोलतो.

आधी पाऊल का उमटतं ते बघा. बहुतेकांना वाटतं वजनाने कार्पेट दबतं म्हणून. दबतं, पण दिसतं ते उजेडामुळे. कापलेल्या लवीच्या (लव म्हणजे वरचे मऊ धागे) साध्या कार्पेटात धाग्यांचे सगळे तुरे सरळ उभे असतात आणि वरून आपल्याला फक्त त्यांची टोकं दिसतात. टोकांमध्ये उजेड शिरतो आणि अडकतो, म्हणून ती गडद दिसतात. पाय पडला की तिथले तुरे आडवे होतात, त्यांची कूस दिसू लागते आणि कुशीवरून उजेड परततो. एवढ्या भागाचा रंग वेगळा दिसतो आणि आपण म्हणतो पाऊल उमटलं. व्हॅक्यूम क्लीनरचे पट्टे पडतात तेही याच कारणाने.

फ्रिझेमध्ये तुरे मुळातच सरळ उभे नसतात. कुणी डावीकडे झुकलेला, कुणी आकड्यासारखा वळलेला. टोकं आणि कुशी सगळीकडे मिसळलेल्या. पाय पडला की पाच-पन्नास तुऱ्यांची दिशा बदलते, पण शेजारी कुणाचीच एक दिशा नसल्याने फरक डोळ्यात भरत नाही. पाऊल पडतं, वाचता येत नाही.

हे वळण आणतात कसं? सुतळीचा तुकडा दोन्ही हातांत ताणून धरा आणि एका टोकाने पिळत राहा. भरपूर पीळ बसला की हात जवळ आणा. सुतळी स्वतःभोवती आटे घेते. फ्रिझेचं सूत असंच जास्त पिळाचं असतं. सॅक्सनी नावाच्या साध्या प्रकारात इंचाला चार-पाच पीळ असतील तर यात सहा-सात किंवा त्याहून जास्त.

पण पीळ घालणं हे अर्धंच काम झालं. नायलॉनचं सूत पिळून सोडलं की ते उलगडतं. म्हणून पीळ शिजवावा लागतो. आम्ही हीटसेट म्हणायचो. कार्पेटचं सूत आता बहुतांशी बीसीएफ असतं, म्हणजे दाणे वितळवून ओढलेले अखंड तंतू, गरम हवेच्या झोताने फुगवलेले. असे दोन पदर एकत्र पिळायचे आणि दाबाखालच्या वाफेच्या बोगद्यातून न्यायचे. नायलॉनसाठी १३० अंश सेल्सियसच्या आसपास. कोरड्या उष्णतेची दुसरी पद्धत आहे, तिला तापमान बरंच जास्त लागतं. आत गेल्यावर तंतूंमधली रेणूंची बांधणी सैल होते आणि थंड होताना सूत ज्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेत ती पुन्हा घट्ट होते. सूत सरळ असेल तर पीळ पक्का होतो आणि तुरा सरळ राहतो.

फ्रिझेसाठी वाफेच्या आधी एक पायरी वाढवतात, स्टफर बॉक्स. छोटीशी पेटी असते. सूत वेगाने आत ढकलायचं आणि बाहेर पडायची वाट मुद्दाम अडवायची. आत जागा नाही म्हणून सूत नागमोडी घड्या घालत बसतं आणि त्या घड्यांसकट शिजतं. पुढे टफ्टिंग (पाठीच्या कापडात सुईने सूत ओवणं) होऊन लव कापली की प्रत्येक तुरा ज्या घडीत होता तिकडे वळतो. त्यामुळे दोन तुरे सारखे नसतात.

आमच्या फ्लोअरवर सगळ्यात जास्त भांडणं या पेटीच्या दाबावरून व्हायची. दाब कमी झाला की सूत सरळ पडतं आणि कार्पेटात तेवढी ओळ चकाकते. जास्त झाला की पुढे टफ्टिंगच्या सुईत अडकतं. दोन पाळ्यांमध्ये दाब थोडा जरी बदलला तरी दहा फुटांवरून ओळ दिसायची आणि आख्खा रोल बाजूला काढावा लागायचा. गंमत बघा, मुद्दाम विस्कटलेलं दिसावं म्हणून बनवायचं, आणि ते विस्कटणं मात्र पहिल्या मीटरपासून शेवटच्या मीटरपर्यंत अगदी एकसारखं हवं.

आणि उंबरठेकर, तुमच्या कोपऱ्याबद्दल: आमच्या सुतात कोपराच नाही. दिशाच नाही तर वळवायचं काय? म्हणून फ्रिझेत दोन तुकड्यांचा सांधाही चांगला लपतो. पट्ट्यापट्ट्यांचं कार्पेट जोडायला गेलात की रेघ रेघेला भिडवताना जीव जातो.

तिसरी घंटा

काका, दंडवत! “पाऊल पडतं, वाचता येत नाही” हे भारीच.

चहाबाज

बरं, माझं मत थोडं मागे घेतो. थोडंच.

निळा दरवाजा

पुण्यात कलेचा इतिहास शिकवते, त्यामुळे राहवलं नाही. उंबरठेकर, तुम्ही पार्थेनॉनचा बाहेरचा डोरिक पट्टा सांगितलात, ९२ मेटोपांचा. पण तिथे दुसरा पट्टाही आहे आणि कापडाशी नातं त्याचंच आहे.

बाहेरच्या खांबांच्या आत, गाभाऱ्याच्या भिंतीच्या माथ्यावरून एक सलग आयोनिक फ्रीझ फिरतो. मूळ लांबी सुमारे १६० मीटर, उंची जेमतेम एक मीटर, जमिनीपासून सुमारे १२ मीटरवर. मिरवणुकीचं शिल्प आहे. घोडेस्वार, रथ, पाण्याचे घडे घेतलेले तरुण, बळीचे बैल. ३७८ माणसं आणि देव, २४५ जनावरं. ही मिरवणूक नैऋत्य कोपऱ्यात फुटते. एक फाटा पश्चिम आणि उत्तर बाजूने जातो, दुसरा दक्षिणेने, आणि दोन्ही पूर्वेला, मुख्य दाराच्या वर भेटतात.

तिथे काय चाललंय? बारा देव बसलेत आणि त्यांच्या मधोमध एक माणूस आणि एक मूल मिळून कापडाची घडी करतायत किंवा उलगडतायत. बहुतेकांच्या मते हा अथेनाचा पेप्लॉस. पॅनअथेनाइया उत्सवात देवीला विणलेलं वस्त्र वाहायचे. त्याचा ताणा नऊ महिने आधी, खाल्किया नावाच्या सणाला मागावर चढवायचे. मानाने निवडलेल्या लहान मुलींचा त्यात हात असे, आणि देव-राक्षसांचं युद्ध त्यात विणलेलं असे. हेच युद्ध बाहेरच्या पूर्वेकडच्या मेटोपांवर कोरलंय. जोन कॉनेली या अभ्यासिकेचं म्हणणं वेगळं आहे. हे दृश्य राजा एरेक्थियसच्या मुलीच्या बलिदानाचं, असं त्या मानतात. मला स्वतःला पेप्लॉसच पटतो. १६० मीटर दगड कोरायचा आणि शेवटी नेऊन थांबायचं ते एका विणलेल्या कापडाशी, यापुढे राजकन्या मला फिकी वाटते.

आता तुमचा कोपरा. या पट्ट्यात ट्रायग्लिफ नसल्याने मापाचं भांडण नाही, पण मिरवणूक वळवायची कशी? दक्षिणेकडून येणारे लोक आग्नेय कोपऱ्यावर संपतात, पूर्वेची भिंत काटकोनात सुरू होते. बघणाऱ्याला एका वेळी एकच बाजू दिसते. शिल्पकाराने पूर्व बाजूचा अगदी पहिला माणूस मिरवणुकीचा व्यवस्थापक केलाय. तो मागे बघून, कोपऱ्यापलीकडच्यांना हाताने बोलावतोय. दगड तिथे तुटतो, पण त्याचा हात पलीकडे पोचतो. ती शिळा आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

उंबरठेकर

हे वाचून उठून उभा राहिलो. वर्गात कोपऱ्यावर मॉनिटर उभा करतात तसा! आणि एवढ्या उंचीवर, छताच्या सावलीत, खालून दिसत तरी होतं का हे?

निळा दरवाजा

जुना वाद आहे. थेट ऊन तिथे पडत नाही. खांबांमधून येणारा आणि खालच्या संगमरवरी फरशीवरून परतणारा उजेड तेवढा मिळतो. म्हणून उठाव वरच्या बाजूला जास्त आणि खाली कमी ठेवलाय, जेणेकरून खालून बघताना डोकी स्पष्ट यावीत. हा सगळा उठाव जास्तीत जास्त पाच-सहा सेंटीमीटरांचा, आणि तेवढ्यात पाच-सहा घोडे एकमेकांआड दाखवलेत. वर रंग होता. लगाम धातूचे होते, ते बसवायची छिद्रं अजून आहेत. सूतगिरणीवाले काका म्हणतात तसंच, टोकं आणि कुशी यांचा खेळ.

आणि सगळ्यांची डोकी जवळपास एका पातळीवर आहेत. चालणारा, घोड्यावर बसलेला, आसनावर बसलेला देव, सगळ्यांची. त्यामुळे बसलेले देव उभे राहिले तर पट्ट्याबाहेर जातील. ते मोठे आहेत हे वेगळं सांगावं लागत नाही.

कात्रजचा घाट

आणि ब्रिटिश म्युझियममध्ये काय करतेय ती शिळा? लॉर्ड एल्गिन या ब्रिटिश राजदूताने १८०१ पासून उखडून नेलं, १८१६ मध्ये ३५,००० पौंडांना पार्लमेंटला विकलं. कोहिनूरपासून सगळं असंच. परत करा म्हणावं.

उंबरठेकर

घाटराव, यावर वेगळा धागा काढा, तिथे मीही चार शब्द लिहीन. इतकंच सांगतो की व्हॅटिकनने २०२३ मध्ये आपल्याकडचे तीन तुकडे अथेन्सला दिले.

कात्रजचा घाट

काढतोच.

हातमाग

गालिच्याच्या किनारीवर अजून कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते. भदोही आणि काश्मीर दोन्हीकडच्या विणकरांबरोबर माझं काम असतं.

हाताच्या गाठींच्या गालिच्यात कोपरा हा अवघडच भाग. कारण असं की खालची आणि वरची किनार बाण्याच्या दिशेने जाते, बाजूच्या किनारी ताण्याच्या दिशेने. इंचातल्या गाठी आडव्या आणि उभ्या सारख्याच असतील असं नाही. आडव्या किनारीत सुबक बसलेलं फूल बाजूच्या किनारीत उभं केलं की लांबोडकं किंवा बसकं होतं. शिवाय गालिचा खालून वर विणला जातो. खालचे दोन कोपरे पहिल्या काही दिवसांत होतात, वरचे दोन शेवटी, कधी वर्षभराने. शेवटी गेल्यावर लांबी किती भरेल हे पूर्णपणे हातात नसतं.

मोठ्या शहरांतल्या कारखान्यांनी हे कागदावर सोडवलं. आलेखाच्या चौकोनी कागदावर पूर्ण नकाशा काढायचा आणि कोपऱ्यावर वेल तिरकी वळेल असं फूल मुद्दाम बसवायचं. काश्मिरात यासाठी तालीम असते. कुठल्या रंगाच्या किती गाठी हे खुणांच्या लिपीत लिहिलेलं, आणि ते वाचत वाचत विणायचं. असा गालिचा बघितलात तर चारी कोपरे हुबेहूब सारखे असतात.

गावातले आणि भटक्या टोळ्यांतले गालिचे बहुतेक आठवणीतून विणलेले. तिथे खालची किनार या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जाते आणि बाजूची किनार तिला येऊन धडकते. मधलं फूल अर्ध्यात कापलं जातं, किंवा उरलेल्या जागेत विणणारी काहीतरी तिसरंच भरते, एखादा चौकोन, एखादं जनावर. व्यापारी याला खोट म्हणून भाव पाडतात. मला हेच कोपरे बघायला आवडतात. विणणाऱ्या बाईला तिथे एकटीने निर्णय घ्यावा लागलेला असतो.

पैठणीत बघा, काठ पूर्ण लांबी थेट जातो आणि पदर दोन काठांच्या मध्ये बसतो. एकाने जायचं, दुसऱ्याने थांबायचं. कोपरा वळवायचाच नाही.

निळा दरवाजा

हातमाग, पाझिरिकचा गालिचा आठवला का?

हातमाग

तो कसा विसरेन! सायबेरियात अल्ताईच्या डोंगरात एका थडग्यात १९४९ मध्ये सर्गेई रुदेन्कोंना सापडला. थडग्यात पाणी शिरून गोठलं होतं म्हणून लोकर टिकली. साधारण १८३ बाय २०० सेंटीमीटर, इ.स.पू. पाचवं-चौथं शतक, म्हणजे तुमच्या पार्थेनॉनच्याच मागेपुढे. आता हर्मिटाज संग्रहालयात आहे. गाठींचा गालिचा म्हणून इतका जुना आणि जवळपास अखंड दुसरा नाही.

आणि त्याच्या किनारीत काय आहे? घोडेस्वारांची मिरवणूक. २८ स्वार, काही घोड्यावर बसलेले, काही घोड्याशेजारी पायी. आतल्या पट्ट्यात २४ हरणं, ती उलट दिशेने चाललेली. एक पट्टा असा फिरतो, दुसरा तसा. कोपऱ्यावरची थबक नजरेला कमी जाणवण्यात या उलटसुलट चालीचा वाटा असावा असं मला वाटतं. हे माझं मत, पुस्तकातलं नाही.

चहाबाज

घोडेस्वार दोन्हीकडे? कुणी कुणाचं ढापलं?

निळा दरवाजा

ढापलं असं म्हणता येत नाही. दोघांच्या मध्ये इराण आहे. पाझिरिकच्या नक्षीवर हखामनी या प्राचीन राजवंशाच्या काळातल्या इराणी कलेची छाप दिसते, आणि त्यांच्या राजधानीच्या, पर्सेपोलिसच्या जिन्यांवर मिरवणुकीचे दगडी पट्टे पार्थेनॉनच्या आधीचे आहेत. अथेन्सच्या शिल्पकारांना ते माहीत होते का यावर बरीच शाई सांडलीय.

त्याहूनही आधीचं एक उदाहरण देते, उंबरठेकरांना नावामुळे आवडेल. निनेव्हे इथे असिरियाचा राजा असुरबनिपाल याच्या राजवाड्यात इ.स.पू. सातव्या शतकातले दगडी उंबरठे सापडले. त्यांवर गालिचा कोरलाय. मध्ये फुलांची जाळी, कडेने कमळ आणि कळी यांची आळीपाळीने येणारी किनार. म्हणजे दारात दगडाचा गालिचा घातला होता. आणि कमळ-कळीची हीच आळीपाळी पुढे ग्रीक देवळांच्या पट्ट्यांवर येते, थोडी बदलून.

आलोइस रीगल या माणसाने नेमका हाच धागा पकडला. हा व्हिएन्नाच्या संग्रहालयात कापड विभाग सांभाळायचा. १८९१ मध्ये त्याने पौर्वात्य गालिच्यांवर पुस्तक लिहिलं आणि १८९३ मध्ये इजिप्तच्या कमळापासून ग्रीक पामेट (पंख्यासारखी पानांची नक्षी), मग अकँथस या काटेरी पानांच्या झाडाची वेल आणि तिथून इस्लामी वेलबुट्टीपर्यंतचा माग काढला. त्याच्या आधी गॉटफ्रीड झेम्पर या जर्मन वास्तुकाराचा बोलबाला होता. भिंतीचं मूळ विणलेल्या चटईत आहे, असं त्याचं म्हणणं. त्याचे अनुयायी त्यापुढे जाऊन म्हणायचे की नक्षी ही साधनातून आणि तंत्रातूनच जन्मते. रीगलने रोज हाताखालून जाणारी कापडं बघून याला विरोध केला. त्याच्या मते एक नक्षी दुसऱ्या नक्षीतून जन्मते, माग किंवा छिन्नी नंतर येते. गालिच्यांच्या रखवालदाराने तंत्राचं महत्त्व नाकारावं, हे मला अजून गमतीचं वाटतं.

सूतगिरणीवाला

मॅडम, रीगलसाहेबांना एकदा स्टफर बॉक्ससमोर उभं करायला हवं होतं. फ्रिझेचा पोत कुठल्याही कमळातून आलेला नाही, तो त्या पेटीतूनच आला.

निळा दरवाजा

हा मुद्दा मात्र तुमचा. झेम्पर खूश झाला असता.

बेलूरकर

आपल्याकडच्या देवळांचे थर कुणी आणलेच नाहीत! हळेबीडच्या होयसळेश्वराला खालून वर हत्ती, मग सिंह, वेल, घोडेस्वार, वर रामायण-महाभारत. आणि जोतं असं खाचाखोचांचं की कोपरे मोजता मोजता पुरेवाट. आपल्या खिद्रापूरच्या कोपेश्वरालाही पायाशी हत्तींची रांग आहे.

उंबरठेकर

बेलूरकर, तुलना चांगली आहे, पण एक फरक आहे. तुमचे थर पायाशी आणि डोळ्यांसमोर आहेत, माणूस प्रदक्षिणा घालत त्यांच्या बरोबरीने चालतो. कोपरा आला की बघणाराच वळतो. ग्रीक पट्टा डोक्यावर असल्याने कोपऱ्याचं ओझं सगळं शिल्पकारावर. आणि इतके कोपरे असले की एकेका कोपऱ्याचा धाकही राहत नसावा.

तिसरी घंटा

मुंबईकरांसाठी गृहपाठ: एशियाटिकच्या टाऊन हॉलला (१८३३) डोरिक खांब आहेत. पायऱ्यांवर बसून वडापाव खाताना मान वर करा आणि कोपरा बघा.

पीच ट्री

उशिरा येतेय. अटलांटाजवळ राहते, घरात फ्रिझे आहे, म्हणून बहिणीसाठी दोन शब्द. इथून वर डॅल्टन हे गाव आहे, अमेरिकेतल्या कार्पेटची राजधानी म्हणतात. कॅथरीन इव्हान्स नावाच्या मुलीने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे हाताने टफ्टिंग केलेल्या चादरी करायला सुरुवात केली. तो घरगुती उद्योग झाला, मग यंत्रं आली, आणि चादरींवरून गाडी कार्पेटवर गेली.

पावलं उमटत नाहीत हे खरं. केरही दिसत नाही, आणि हे चांगलं की वाईट ते घरातल्या सासूबाईंवर अवलंबून आहे. लांब लवीचं घेतलंत तर व्हॅक्यूमच्या फिरत्या ब्रशला तुरे गुंडाळले जातात. ब्रश बंद करता येतो किंवा उंची वाढवता येते असं मशीन हवं. पहिले काही महिने फज, म्हणजे सुटे तंतू, निघत राहतो, घाबरू नये. मुंबई-कोकणात कुणी भिंतीपासून भिंतीपर्यंत टाकायचा विचार करत असेल तर करू नका. पावसाळ्यात वास धरेल.

उंबरठेकर

मनापासून आभार. काका, शेवटचं विचारतो. जिन्याला मध्ये वळण आहे, तिथल्या पायऱ्या त्रिकोणी आहेत. तिथे फ्रिझे चालेल? आणि दुकानात नमुना हातात घेऊन काय बघायला सांगू?

सूतगिरणीवाला

चालेल, पण फार लांब लव नको. नमुना पायरीच्या कडेवर वाकवतात तसा पाठीकडे दुमडून बघायला सांगा. मधून पाठ दिसली तर जिन्यासाठी तो नको, कितीही मऊ असला तरी. घट्ट टफ्टिंगचा घ्या. मग एक तुरा बोटाने सोडवून त्याचं टोक बघा. पीळ टोकापर्यंत आवळलेला हवा. दुकानातच टोक फुललेलं असेल तर वर्षभर पाय पडल्यावर तिथे गोळा होणार. सूत नायलॉनचं आहे का विचारा. पॉलिप्रॉपिलिन स्वस्त पडतं आणि डागांना चांगलं, पण दबलेलं परत उठत नाही, आणि जिन्यावर सगळे पाय एकाच जागी पडतात. एकाच रंगाऐवजी दोन-तीन छटांचे पदर एकत्र पिळलेलं मिळालं तर मळ आणखी लपेल.

त्रिकोणी पायऱ्यांना प्रत्येकीचा तुकडा वेगळा कापावा लागतो. लवीचा कल जिन्यावरून खाली उतरणारा ठेवायला सांगा, आणि सांधा पायरीच्या मागच्या आतल्या कोनात, जिथे उभी फळी आडवीला मिळते तिथे. कडेवर सांधा आला की तो उसवणार. वळणावर तुकडे वाया जातात, म्हणून माप घेणारा सांगेल त्यापेक्षा थोडं जास्तच मागवा, आणि सगळं एकाच डाय लॉटचं, म्हणजे एकाच वेळी रंगवलेलं. नंतर दोन फूट कमी पडले म्हणून दुसऱ्या लॉटचं आणलं तर फ्रिझेतसुद्धा रंगाचा फरक लपत नाही.